कॅमेऱ्याबरोबर काय घ्यावे?

घरात नवा कॅमेरा आला की त्याच्या पाठोपाठ एक पिशवीही येते. कॅमेरा घेताना मनुष्य महिना-दीड महिना विचार करतो, चार जाणत्यांचा सल्ला घेतो, खर्चाचा मेळ घालतो; परंतु त्या पिशवीत काय असावे याचा निर्णय मात्र तो दुकानाच्या फळीपाशी उभा राहून पाच मिनिटांत उरकतो, आणि तोही बहुधा दुकानदाराच्याच बुद्धीने. डिजिटल छायाचित्रणास नव्याने आरंभ करणारे वाचक याविषयी वारंवार पृच्छा करतात. फिल्टर घ्यावेत काय, ट्रायपॉड केवढ्याचा घ्यावा, फ्लॅशवाचून अडते काय, असे त्यांचे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे येथे एका प्रसंगाच्या आधाराने देण्याचा विचार आहे, कारण नुसती यादी वाचून कोणाचा फारसा लाभ झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

माझा भाचा नागपुरास असतो. नोकरीस वर्ष पुरे झाले तेव्हा त्याने साठवलेल्या पैशांतून आपला पहिला कॅमेरा घेतला, आणि कोजागिरीच्या आदल्या दिवशी आईस, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीस घेऊन तो जबलपुरास आमच्याकडे आला. चहा होतो न होतो तोच त्याने सतरंजीवर आपले भांडार मांडले. तीन रंगीत फिल्टर, भिंगावर बसवून दृश्य रुंद करणारे एक जोडभिंग, वाकवावेत तसे वाकणारे पाय असलेली वीतभर उंचीची तिपाई, एक चिमुकला दिवा, लांबून बटण दाबण्याचे यंत्र, दोन पट्टे आणि हे सारे ठेवण्यासाठी चामड्याचे एक देखणे आवरण. सर्व वस्तू ‘संच’ म्हणून एकदम घेतल्यामुळे स्वस्तात पडल्या, असे त्याने मोठ्या समाधानाने सांगितले.

“आणि जादा बॅटरी?” मी विचारले.

“ती संचात नव्हती, मामा,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही भेडाघाटास गेलो. ज्या वाचकांनी हे स्थळ पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे की जबलपूरपासून सुमारे २० किलोमीटरांवर नर्मदा प्रथम धुआंधार येथे कड्यावरून खाली झेप घेते आणि मग संगमरवराच्या उभ्या कड्यांमधून जवळजवळ ३ किलोमीटर शांतपणे वाहत जाते. भेडाघाट-लम्हेटाघाट हा टापू २०२१ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेला. परंतु सिनेमावाल्यांना त्याचा शोध पुष्कळ आधी लागला होता. ‘जिस देश में गंगा बहती है’ या १९६० च्या चित्रपटाचे चित्रीकरण येथे झाले, आणि गंगेचे नाव घेऊन नर्मदा दाखवली म्हणून आमच्याकडील जुनी माणसे अजूनही थोडी रुसलेली असतात. नवशिक्या छायाचित्रकारास हे स्थळ म्हणजे एक कठोर परीक्षकच होय. उडणारे तुषार, डोळे दिपवणारा पांढरा दगड, हलणारी नाव, अंधारी देवकोष्ठे आणि रात्री चांदणे, असे सारे एका दिवसात समोर येते.

भाच्याचा दिवस कसा गेला ते थोडक्यात सांगतो. धुआंधारच्या कठड्याशी त्याच्या भिंगावर पाण्याचे थेंब बसले आणि सदऱ्याच्या टोकाने ते पुसल्यावर भिंगाच्या अंगावर धूसर पट्टे उमटले. नावेत त्याने प्रत्येक चित्र काढल्यावर ते मागच्या पडद्यावर पाहिले, अक्काला दाखवले, नावाड्याला दाखवले, शेजारच्या मंडळींनाही दाखवले. टेकडीवरील चौसष्ट योगिनींच्या मंदिरापर्यंत पायऱ्या चढून जाईतो बॅटरीची खूण लाल झाली होती. सायंकाळी पूर्वेस पूर्ण चंद्र वर आला, पांढऱ्या कड्यांवर चांदणे उतरले, काठावर माणसांची दाटी झाली आणि कॅमेरा बंद पडला. पोराचा चेहरा पाहवेना. अक्का म्हणाली, “अरे, डोळे आहेत ना? बघ तरी.” त्याने पाहिले खरे, पण मन कॅमेऱ्यातच होते.

रात्री दूध आटवताना मी त्याला एक कोरी वही दिली आणि आज कोणकोणती चित्रे हुकली व कशामुळे, ते लिहिण्यास सांगितले. नऊ नोंदी झाल्या. चार चित्रे बॅटरी संपल्यामुळे हुकली, दोन भिंगावरील पाण्यामुळे. एक हात हलल्यामुळे, एक काळोखामुळे. आणि नववे, त्याच्याच शब्दांत, “खंड्याने सूर मारला तेव्हा मी आधीचे चित्र पाहत होतो” म्हणून. संचातील रंगीत फिल्टर, जोडभिंग वा दिवा हाताशी असता तर वाचले असते असे चित्र त्या नोंदींत एकही नव्हते.

ही वही प्रत्येक नवशिक्याने प्रथम करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. आपणांस काय हवे आहे हे आपल्या हुकलेल्या चित्रांइतके चोख दुसरे कोणी सांगत नाही. एकच कारण तीन-चारदा लिहिले गेले की त्या कारणावरची वस्तू घ्यावी. तोपर्यंत पैसे गाठीस असू द्यावेत. याला अपवाद फक्त काढलेले चित्र जपणाऱ्या वस्तूंचा, कारण त्यांच्या अभावाची नोंद वहीत होते तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यांच्याकडे शेवटी वळू.

प्रथम बॅटरीविषयी. कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने डिसेंबर १९७५ मध्ये पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा चालवून दाखवला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलोग्रॅम होते, चित्रात अवघे १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० बिंदू असत आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. या यंत्रास १६ बॅटऱ्या लागत. आजचा कॅमेरा मुठीत मावतो आणि कोट्यवधी बिंदू टिपतो. पण विजेवाचून तो निर्जीव आहे, ही गोष्ट सॅसनच्या दिवसापासून बदललेली नाही. फिल्मच्या जमान्यातील कित्येक कॅमेरे बॅटरीवाचून चालत. डिजिटलमध्ये ती सोय नाही. आरसा नसलेले नवे कॅमेरे एका भरणीत साधारण तीनशे-चारशे चित्रे काढतात, आणि मागचा पडदा सारखा चालू ठेवल्यास त्याहूनही कमी. म्हणून दुसरी बॅटरी ही चैन नसून कॅमेऱ्याचाच भाग समजावी. ती कंपनीची घेणे उत्तम. दुसऱ्या बनावटीची घेतल्यास पावतीसह घ्यावी आणि फुगलेली दिसताच टाकून द्यावी. विमानाने जाताना जादा बॅटऱ्या हातातील सामानातच ठेवाव्या लागतात, आणि त्यांची धातूची टोके झाकलेली असावीत. अलीकडचे बरेचसे कॅमेरे मोबाइलच्या पॉवर बँकेवरही भरता येतात. आपला भरता येतो काय ते माहितीपुस्तिकेत आधी पाहावे. येत असेल तर घरात असलेल्या वस्तूवरच काम भागेल.

मेमरी कार्डाची कथा याच जातीची आहे. दुकानदार मोठ्यात मोठे एक कार्ड पुढे करतो. माझे मत असे की त्याऐवजी मध्यम आकाराची दोन घ्यावीत. एक हरवले, बिघडले वा घरीच संगणकात राहिले तरी दिवस वाया जात नाही. कार्डावरील खुणांचा अर्थ समजून घेणे कठीण नाही. गोलातील १० हा आकडा असेल तर सेकंदास निदान १० मेगाबाइट लिहिण्याची त्याची क्षमता असते. ‘व्ही ३०’ अशी खूण असेल तर निदान ३०. साध्या चित्रांस पहिले पुरते, चलच्चित्रे घ्यावयाची असल्यास दुसरे बरे. बनावट कार्डे बाजारात पुष्कळ आहेत. वर लिहिलेली जागा त्यांच्यात प्रत्यक्षात नसते, आणि ते कळते चित्रे नाहीशी झाल्यावर. तेव्हा भरवशाच्या दुकानातून, पावतीनिशी घ्यावे आणि पहिल्याच आठवड्यात एकदा काठोकाठ भरून पाहावे. कार्डाच्या कडेस एक बारीक खटका असतो. तो खाली सरकला की कॅमेरा त्यावर काही लिहीत नाही. “कार्ड बिघडले” म्हणून घाबरणाऱ्यांपैकी काही जणांचा रोग या खटक्यापाशीच बरा होतो. चुकून चित्रे पुसली गेलीच, तर त्या कार्डावर नवे काही न काढता ते बाजूस ठेवावे; वर नवी चित्रे चढली नसतील तर जुनी बहुधा परत मिळवता येतात.

आता भिंगावरील पाण्याकडे येऊ. कॅमेऱ्याबरोबर ‘यूव्ही’ नावाचा काचेचा फिल्टर घेण्याचा आग्रह दुकानात हमखास होतो. अतिनील किरणे अडवण्याचे त्याचे काम फिल्मच्या काळी महत्त्वाचे होते. डिजिटल कॅमेऱ्याच्या आत संवेदकावरच त्याची तजवीज असते, त्यामुळे त्या अर्थाने त्याची गरज उरलेली नाही. मात्र धुआंधारसारख्या ठिकाणी, समुद्रकाठी किंवा धुळवडीच्या दिवशी पुढे एक पुसता येण्याजोगी काच असणे बरे. इतर वेळी ती काढून ठेवावी. हलक्या प्रतीच्या काचेमुळे दिव्यांची भुते चित्रात उमटतात. त्याहून निश्चित उपयोग भिंगाच्या तोंडाशी बसणाऱ्या हूडचा. तिरका सूर्यप्रकाश, बोटांचे ठसे, पावसाचे थेंब आणि क्वचित भिंतीचा धक्काही तो आपल्या अंगावर घेतो. दुर्दैवाने स्वस्त भिंगांबरोबर पुष्कळ कंपन्या तो देत नाहीत आणि ग्राहकही मागत नाही. आपल्या भिंगाच्या नेमक्या नमुन्याचाच हूड घ्यावा, नाहीतर चित्राचे कोपरे काळे होतात.

भिंग पुसण्याचीही एक रीत आहे. आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवावी, मग मऊ कुंचला, आणि डाग उरलाच तर मायक्रोफायबरचे स्वच्छ कापड मधून कडेकडे हलकेच फिरवावे. धूळ असताना कापड घासणे म्हणजे वाळूने काच घासणे होय. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकी उडते. सदऱ्याचे टोक तर वर्ज्यच. हा फुगा आणि हे कापड, दोन्ही मिळून एका फिल्टरच्या किमतीत येतात, आणि भाच्याच्या संचात दोन्हींपैकी एकही नव्हते.

पाणी कॅमेऱ्यावर येऊ नये म्हणून महागडे आवरण घेण्याची गरज नाही. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीस भिंगाएवढे भोक पाडून ती रबराने हूडवर बसवावी. धुआंधारला मी वर्षानुवर्षे असेच करतो. ध्यान काही फार देखणे दिसत नाही.

फिल्टरांपैकी एक मात्र असा आहे की ज्याचे काम संगणकावर मागाहून नीट करता येत नाही. तो म्हणजे पोलरायझर. पाणी, ओला दगड, पाने यांच्यावरची झळाळी तो खाली आणतो. नावेतून तिरक्या नजरेने नर्मदेकडे पाहत त्याची कडी हळूहळू फिरवावी. एका जागी पृष्ठभागावरचा चकाकता पडदा विरतो आणि पाण्याचा खरा हिरवा रंग व कड्यांच्या फिकट गुलाबी-करड्या शिरा दिसू लागतात. सूर्य उजव्या वा डाव्या हातास असेल तर आभाळही गडद होते. परंतु याचे दोन दोष ध्यानात ठेवावेत. धातूवरच्या झळाळीवर तो चालत नाही, तेव्हा तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी तो घेऊ नये. दुसरे असे की निम्म्याहून अधिक प्रकाश तो खातो, आणि हलत्या नावेत प्रकाश कमी झाला की झडप अधिक वेळ उघडी राहून चित्र हलते. म्हणून तो भर दुपारी लावावा, संध्याकाळी काढावा. घ्यावयाचा झाल्यास ‘सर्क्युलर’ प्रकारचा घ्यावा, आणि भिंगावर व्यासाच्या खुणेपुढे लिहिलेला मिलिमीटरांचा आकडा पाहून घ्यावा.

ट्रायपॉडविषयी लोकांत फार भक्ती आहे. भाच्यालाही वाटत होते की मोठा ट्रायपॉड असता तर नावेतील चित्र हलले नसते. तसे नाही. जेथे पायाखालची जमीनच हलते तेथे तीन पायांचा उपयोग काय? नावेत झडपेचा वेग वाढवणे हाच उपाय. चौसष्ट योगिनींच्या मंदिरातही त्याचा पाड लागत नाही. हे १० व्या शतकातील कलचुरींच्या काळचे गोलाकार मंदिर पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे, आणि अशा स्मारकांत हातात धरून चित्रे काढण्यास सामान्यतः अडकाठी नसली तरी ट्रायपॉडसाठी परवानगी घ्यावी लागते. ओवरीच्या सावलीत बसलेल्या मूर्ती काळ्या येत होत्या, तेथे पायरी किंवा खांबाचा टेकू घेऊन, श्वास रोखून आणि संवेदकाची ग्रहणक्षमता वाढवून काम होण्यासारखे होते. समोरून कोणी पांढरे उपरणे पसरून धरले असते तर उन्हाचा उजेड मूर्तीच्या मुखावर परावर्तितही झाला असता.

मग ट्रायपॉड कोठे? तिसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही ग्वारीघाटास नर्मदेच्या आरतीला गेलो, तेव्हा मी माझा जुना ट्रायपॉड बरोबर घेतला. घाटाच्या वरच्या पायरीवर, कोणाच्या पायात येणार नाही अशा बेताने तो उभा केला. पाण्यावर पानांच्या द्रोणांतील दिवे सोडलेले, पलीकडे अंधार, आभाळात अजून थोडी निळाई उरलेली. येथे झडप एक-दोन सेकंद उघडी ठेवावी लागते आणि माणसाचा हात कितीही स्थिर असला तरी ते त्याच्याने होत नाही. बटण दाबतानाचा धक्का टाळण्यासाठी लांबून दाबण्याचे यंत्र हवेच असे नाही. कॅमेऱ्यातच असलेला दोन सेकंदांचा टायमर लावला की झाले. भिंगात थरथर शमवण्याची सोय असल्यास ट्रायपॉडवर ती बंद ठेवणे बरे. भाच्याने आठ-दहा चित्रे काढली आणि त्यांतील दोन खरोखर चांगली उतरली.

ट्रायपॉड घेताना दुकानात एक परीक्षा करावी. सगळे पाय पूर्ण उघडावेत आणि माथ्यावर बोटाने हलकेच टिचकी मारावी. थरथर चटकन थांबली तर घ्यावा. मधला दांडा वर चढवूनच उंची येत असेल तर ती उंची फसवी समजावी. कॅमेरा व भिंग यांच्या वजनाच्या निदान दुप्पट भार तो पेलणारा असावा. एवढ्या गुणांचा ट्रायपॉड स्वस्त मिळत नाही. स्वस्त घेऊन वर्षभरात दुसरा घेण्यापेक्षा थांबावे आणि तोवर अर्धा-पाऊण किलो राजमा भरलेली जाड कापडाची शिवलेली पिशवी वापरावी. कठड्यावर, घाटाच्या पायरीवर, मोटारीच्या खिडकीत ती कॅमेऱ्याखाली ठेवली की तो उशीत डोके रुतावे तसा बसतो. धबधब्याचे पाणी दुधाच्या धारेसारखे दाखवणारे गडद एनडी फिल्टर हे ट्रायपॉड घेतल्यानंतरचे प्रकरण आहे. मला स्वतःला त्यांची गोडी नाही. धुआंधार म्हणजे धुराची धार. तिचे साय धरलेले दूध का करावे?

फ्लॅशसंबंधी दोन शब्द. कॅमेऱ्यातील चिमुकल्या फ्लॅशचा उजेड तीन-चार मीटरांपलीकडे फारसा पोचत नाही. आरतीच्या वेळी शेकडो लोक तो उडवतात, त्याने नदी उजळत नाही, फक्त पुढच्या माणसाचे डोके पांढरे होते. स्वतंत्र फ्लॅश घ्यावा तो निसर्गासाठी नव्हे, घरातील बारसे-मुंजींसाठी. आणि त्याचे तोंड छताकडे वळवता येत असेल तरच. पांढऱ्या छतावरून खाली आलेल्या उजेडात चेहरे माणसांसारखे दिसतात.

राहिले ते चामड्याचे देखणे आवरण. नागपूर काय, जबलपूर काय, जुलै-ऑगस्टमध्ये हवा ओलसर असते, आणि चामडे ओल धरून ठेवते. बंद कपाटात, चामड्याच्या कुशीत दोन महिने पडून राहिलेल्या भिंगाच्या आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. ते काचेवरचा लेप खातात. माझे एक जुने भिंग असेच गेले. प्रवासात आवरण खुशाल वापरावे. घरी आल्यावर कॅमेरा व भिंगे घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. या पुड्यांतील दाणे ओल शोषल्यावर रंग बदलतात, काही निळ्याचे गुलाबी होतात, काही नारिंगीचे हिरवे. रंग बदलला की ते मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात. सिलिकाऐवजी तांदूळ ठेवण्याची प्रथा काही घरांत आहे, ती सोडावी. तांदूळ ओल विशेष शोषत नाहीत आणि त्यांची भुकटी मात्र सर्वत्र शिरते. सर्वांत उत्तम म्हणजे दर आठवड्यास कॅमेरा बाहेर काढून वापरावा.

आता काढलेले चित्र जपण्याविषयी, आणि हे मला माझ्याच हानीवरून सांगावे लागत आहे. सात वर्षांपूर्वीपर्यंत माझी सर्व डिजिटल चित्रे एकाच हार्ड डिस्कवर होती. कार्ड भरले की त्यावर उतरवून ठेवायचे आणि कार्ड पुसून मोकळे करायचे, असा शिरस्ता. एके दिवशी ती डिस्क टेबलावरून फरशीवर पडली. उंची दोन-अडीच हातांपेक्षा अधिक नसेल. त्यानंतर तिच्यातून नुसता कटकट असा आवाज येई. दुरुस्तीची खटपट केली, पैसेही खर्च झाले. चित्रे मिळाली नाहीत. आईची शेवटची चार वर्षे त्यात होती. ती ग्वारीघाटावर वाकून दिवा सोडते आहे, तिच्या चेहऱ्यावर खालून दिव्याचा उजेड पडला आहे, असे एक चित्र होते. तसा उजेड मला पुन्हा कधी साधला नाही, आणि आता आईही नाही.

छायाचित्रसंग्रहाच्या व्यवस्थेवर लिहिणारे अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी जो नियम रूढ केला तो पाठ करण्याजोगा सोपा आहे. चित्राच्या ३ प्रती, २ निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील १ घराबाहेर. नवशिक्याच्या यादीत म्हणून मी हार्ड डिस्क लिहितो तेव्हा ती एक नव्हे, दोन लिहितो. दुसरी भावाकडे, बहिणीकडे, कोठेही दुसऱ्या गावी असावी. इंटरनेटवरील साठवणीची जागा भाड्याने घेतली तर तीही एक प्रत झाली. दोन ठिकाणी उतरल्याचे उघडून पाहीपर्यंत कार्ड पुसू नये, आणि पुसावे ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून. भाच्याच्या संचाच्या किमतीत एक साधी डिस्क सहज आली असती, हे मी त्याला त्या वेळी बोललो नाही.

यंदा संक्रांतीस मी नागपुरास गेलो होतो. अक्काच्या देवघराशेजारच्या फळीवर एक छोटी चौकट आहे. त्या चित्राची पोस्टकार्डाएवढी एक छापील प्रत मी पूर्वी कधी तरी तिला पत्रातून पाठवली होती, हे माझ्या ध्यानातूनच गेले होते. कागद काचेस चिकटलेला असल्याने तो सोडवणे धोक्याचे होते. ओढला असता तर आईचा चेहराच काचेवर राहिला असता. भाचा म्हणाला, “मामा, काचेसकट काढू या.” एव्हाना त्याच्यापाशी दुसरी बॅटरी, हूड, फुगा, पोलरायझर आणि, वहीत चार नोंदी झाल्यावर घेतलेला, एक दणकट ट्रायपॉड होता. रंगीत फिल्टर त्याने शेजारच्या मुलांना खेळायला देऊन टाकले होते.

चौकट खिडकीशेजारच्या भिंतीस उभी केली, ऊन नव्हे नुसता उजेड एका बाजूने यावा अशी. कॅमेरा ट्रायपॉडवर, काचेच्या अगदी समोर, समांतर. तरी काचेत कॅमेऱ्याचे आणि आम्हा तिघांचेही प्रतिबिंब दिसे. पोलरायझर लावला, कडी फिरवून फिरवून पाहिली, काही फरक पडला नाही. तिरक्या झळाळीवर तो चालतो, अगदी समोरून येणाऱ्या प्रतिबिंबावर नाही. काळे काही तरी मध्ये धरले पाहिजे होते. अक्का आत गेली आणि पेटीतून आपली काळी चंद्रकळा घेऊन आली. आईनेच ती तिला पहिल्या संक्रांतीस दिली होती. आम्ही दोघांनी ती दोन टोकांना धरून कॅमेऱ्यापुढे पडद्यासारखी ताणली, निऱ्यांच्या मधून फक्त भिंगाचे तोंड बाहेर काढले, आणि काचेतली आमची तोंडे नाहीशी झाली. दोन सेकंदांचा टायमर लागला. कोणी हलले नाही.

त्या चित्राची एक प्रत आता नागपुरास भाच्याच्या डिस्कवर आहे, एक जबलपुरास माझ्या, आणि एक त्याने त्याच संध्याकाळी छापून आणली. अक्काने ती चौकटीत घातली नाही. चंद्रकळेच्या घडीत ठेवून पेटी बंद केली.